गादीवाल्याच्या हातचं सॅलड

तीर्थरूप ताईंच्या दोन्ही पायांना (त्यातही दुखऱ्या गुडघ्याच्या पायाला जरा अधिक वाकून) तुमच्या गादीवाल्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

लोक पत्रात साष्टांग लिहितात आणि स्वतः खुशाल खुर्चीत बसलेले असतात. मी तसला माणूस नाही. या क्षणी मी दुकानातल्या खिडकीजवळच्या गादीवर पालथा पडून, छातीखाली उशी घेऊन तुम्हाला लिहितो आहे. कपाळ, छाती, कोपरं, गुडघे, सगळं रीतसर टेकलेलं आहे. (गादी नवी आहे, गिऱ्हाईक उद्या न्यायला येईल. त्याआधी तिच्यावर कुणीतरी मनापासून लोळून बघावं लागतं, आणि धंद्यातलं हे एक काम मी आजवर दुसऱ्या कुणावर सोपवलेलं नाही.) दुपारची वेळ आहे. रस्ता सामसूम आहे. समोरचा सायकलवाला हातात पाना धरून उभ्या उभ्या पेंगतो आहे. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली आहे आणि त्या पट्टीत कापसाचे बारीक तंतू तरंगताहेत. ते धड वर जात नाहीत, धड खाली येत नाहीत. त्यांच्याकडे बघत राहिलं की आपल्यालाही कुठे जायचं नाही असं वाटायला लागतं, आणि पत्र मागे राहतं.

तर, गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं सांगूनही तुम्ही दिवसातून दहादा गच्चीत जाता अशी बातमी तुमच्या सूनबाईंकडून फुटली आहे. फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही. शिवाय आमच्याकडे फोन तुमची बहीण उचलते आणि तुम्ही काही विचारायच्या आत "सगळं छान आहे गं" म्हणून मोकळी होते. मलाही तिने हेच बजावून ठेवलं आहे. तेव्हा तिची आज्ञा आधी पाळतो: इकडे सर्व छान आहे.

आता खरं सांगतो. मागे हिला ताप आला होता, तो तुम्हाला कळला होताच. ताप गेला, पण जाताना हिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागच्या जागी आहे, दिसायला पूर्वीइतकंच टोकदार आहे, पण वास म्हणून काही येत नाही. आणि वास गेला तशी चवही गेली. डॉक्टर म्हणतात, येईल परत. कुणाला लवकर येतो, कुणाला फार उशिरा येतो, आणि कुणाला... इथे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. तुमच्या गुडघ्याचं निमित्त सांगून हिने ही गोष्ट तुमच्यापासून लपवली. ताईला कळलं तर ती लंगडत निघून येईल, म्हणे.

तुम्हाला ते नाक माझ्याहून जास्त ठाऊक. आमचा अर्धा धंदा त्या नाकावर चालायचा. कापसाचं पोतं दारात उतरलं की ही नुसती जवळून जायची आणि सांगायची, हे भिजलेलं आहे, वाळवून आणलंय, परत पाठवा. व्यापारी हिला टरकून असायचे. आणि तुम्ही राहायला आलात की त्या नाकाला दुप्पट काम. रागावू नका ताई, पण स्वयंपाकघरात तुमची उभी राहायची एक पद्धत आहे: गॅसकडे पाठ आणि माणसांकडे तोंड. गोष्ट रंगात आली की मागे पातेलं बुडाला लागलंच. मग ही खाली दुकानात असो, वर गच्चीत असो, जिथे असेल तिथून ओरडायची, "ताई, गॅस!" आणि तुम्ही गोष्ट न थांबवता, मान न वळवता, हात मागे नेऊन गॅस बंद करायचात. करपलेलं दूध आम्ही सगळे गप्प प्यायचो, कारण गोष्ट अजून संपलेली नसायची.

तर हे नाक आता गप्प झालं. ही दुकानात उतरेनाशी झाली. मी कशाला येऊ, म्हणते, मला काय कळतंय? वरच्या खोलीत खिडकीशी बसून असते. जेवायला हाक मारली की येते आणि उशीत कापूस भरावा तसं तोंडात भरते. हे तिचेच शब्द. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायला लागलेत. ताई, मला भीती वाटते. नुसती वजनाची नाही. असं वाटतं की ही हळूहळू, कुणाला त्रास न देता, घरातून निघून चालली आहे आणि खुर्चीत नुसती तिची जागा बसलेली आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, हलकं द्या, पण अंगात ताकद येईल असं द्या. चिकन, फळं, पाला, दही. मी म्हटलं, सॅलडच की! यात काय मोठंसं? सोलायचं, कापायचं, एकत्र करायचं. फोडणी नाही, वाटण नाही. लहान मूलसुद्धा करील. (मी लहान मूल नाही, हाच घोटाळा झाला. लहान मुलाच्या हाताला धंद्याची सवय लागलेली नसते.)

मी जन्मभर एकच वस्तू भरत आलो आहे. गादी भरताना आधी कोपरे भरायचे, मग मधला भाग, मग तळव्याने चाचपून उंचवटे मोडायचे आणि शेवटी वर फळी टाकून, फळीवर वजन ठेवून ती रात्रभर बसू द्यायची. न बसलेली गादी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी काचेचं चौकोनी भांडं घेतलं. कोपऱ्यांत द्राक्षं ठासली. मध्ये चिकनचा थर, त्यावर सफरचंद, त्यावर संत्र्याच्या फोडी, पुन्हा चिकन. तळव्याने सगळं सारखं केलं, ताटली झाकली, ताटलीवर दुकानातलं लोखंडी वजन ठेवलं आणि फ्रीजमध्ये सारून दिलं. (फ्रीजचा खण वाकला आहे. हे तुमच्या बहिणीला अजून माहीत नाही.) सकाळी बघतो तर सगळा रस गळून खालच्या खणात तळं साचलेलं, आणि भांड्यात एक घट्ट, करड्या रंगाची, अगदी नामी बसलेली गादी! कुठे गुठळी नाही, कुठे पोकळी नाही. खोटं कशाला बोलू, कारागीर म्हणून मला क्षणभर अभिमान वाटला. सुरीने तुकडा पाडून हिच्यापुढे ठेवला. हिने तो बोटाने दाबून पाहिला आणि याला खोळ कुठल्या कापडाची शिवणार, असं विचारलं. तापानंतर हिने केलेली ही पहिली थट्टा. त्या आनंदात ती अख्खी गादी मी एकट्याने खाल्ली आणि दुपारभर गादीवर नव्हे, गादीसकट झोपलो.

पुढच्या खेपेला वजन ठेवलं नाही, पण मीठ घातलं. आता मिठाचं असं आहे ताई, की आमच्या घरात मीठ कळणारं माणूस एकच, आणि नेमकं तिलाच कळेनासं झालेलं. मी आपला पानात पडेल ते खाणारा. चिमूट म्हणजे किती बोटांची, हे मला कुणी कधी शिकवलेलं नाही. मी कापसाच्या हिशेबाने मूठ घेतली आणि बशी हिच्यापुढे ठेवली. ही शांतपणे खात गेली. अर्धी बशी संपली. मला वाटलं, जमलं बुवा एकदाचं! मग मी एक घास घेतला आणि माझी जीभ आतल्या आत गोळा झाली. समुद्राचं पाणी परवडलं. आणि ही खात होती, चेहऱ्यावरची रेघ हललेली नव्हती. मी बशी उचलायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, मला सगळं सारखंच. हे वाक्य मी तुम्हाला लिहिणार नव्हतो, पण लिहून गेलो, आता खोडत नाही.

तेव्हा चव बघायला माणसं शोधणं आलं. तशी दुपारी आमच्या दुकानात दोन माणसं नेमाने असतात. एक पोस्टमन. त्याची कंबर धरते, म्हणून तो रोज टपाल वाटून झालं की 'गादी बघायला' येतो आणि कोपऱ्यातल्या कडक गादीवर पाठ टेकतो. (बघतोच आहे बिचारा. अजून पसंत पडलेली नाही.) दुसऱ्या म्हणजे भूगोलाच्या निवृत्त बाई. त्यांना मुलाच्या घरी झोप लागत नाही, पण आमच्या मऊ गादीवर टेकल्या की कुठल्याशा वाळवंटाबद्दल बोलता बोलता त्या वाळवंटात निघून जातात. दोघांच्या छातीवर एकेक वाडगा ठेवला, हातात चमचे दिले आणि आडव्या आडव्या चव घ्या म्हटलं. पोस्टमन म्हणाला, मीठ कमी. बाई म्हणाल्या, मीठ जास्त. एकाच भांड्यातलं हं! मग दोघांत वाद झाला, पण आडव्या माणसांचा वाद फार टिकत नाही. पोस्टमन घोरायला लागला. बाई तोंडात द्राक्ष धरूनच झोपल्या, एका बाजूचा गाल फुगलेला. ते द्राक्ष काढून घ्यावं की काय असा विचार करत (शिक्षिकेच्या तोंडात बोट घालायची हिंमत माझ्यात नाही) मी मधल्या गादीवर पडलो. उन्हाची पट्टी सरकत सरकत माझ्या पोटावर आली, आणि मलाही डोळा लागला.

स्वप्नात मी गादी भरत होतो, पण कापसाऐवजी थंडगार द्राक्षं भरत होतो. खोळ कुठे संपते ते दिसत नव्हतं, आणि द्राक्षंही संपत नव्हती. मग मी तिच्यावर पाठ टेकली. पाठीखाली एकेक द्राक्ष हलकेच फुटायचं, टप्, आणि तेवढी जागा गार व्हायची. पलीकडे कुशीवर ही होती. तरुणपणीची नव्हे, आत्ता आहे तशीच. डोळे मिटून हसत होती आणि म्हणत होती, अजून एक, अजून एक. मी जागा झालो तो टप् अशा आवाजाने. बाईंनी झोपेतच ते द्राक्ष दाताखाली फोडलं होतं आणि त्या झोपेत हसत होत्या.

ताई, मी ताडकन उठून बसलो. (या दुकानात ताडकन उठणारा मीच पहिला असेन.) अरे गाढवा, म्हटलं, नाक गेलं, जीभ गेली, पण दात कुठे गेलेत? टाळू कुठे गेलीय? गार लागतं ना? कुरकुरतं ना? आणि मऊ काय, ताठ काय, दाबलं की परत वर येतं ते काय, यावर तर तुझी भाकरी चालली आहे! जन्मभर मी परक्या माणसांच्या पाठीला काय वाटेल ते हाताने ओळखत आलो. आता घरच्या माणसाच्या टाळूला काय वाटेल तेवढं ओळखायचं होतं.

मग मी सॅलड बोटांनी केलं. चिकन मंद आचेवर, चार मिरी टाकून, पाण्यात नुसतं शिजवलं आणि त्याच पाण्यात निवू दिलं. मग त्याला सुरी लावली नाही. कापूस पिंजतात तसं बोटांनी पिंजलं, धागा धागा मोकळा केला, इतका की फुंकर मारली असती तर उडालं असतं. सफरचंद सालासकट, जाड फोडींचं, कारण पातळ काप वाजत नाहीत. द्राक्षं बर्फाच्या खणात ठेवून कडक गार केलेली. संत्र्याच्या फोडी वरचा पापुद्रा काढून, म्हणजे जिभेवर ठेवल्याबरोबर ढासळतात. मूठभर डाळिंबाचे दाणे. अक्रोड कोरडे भाजून. सॅलडची पानं हाताने फाडून, आणि वरून घुसळलेलं घट्ट दही, त्यात लिंबू. मीठ बाईंनी घातलं, पोस्टमन झोपलेला असताना. मऊ, मग ताठ, मग गार, मग फुटणारं. एका घासात माणसाने चार गाद्या बदलल्या पाहिजेत, असा माझा हिशेब होता.

वाडगा घेऊन वर गेलो. डोळे मिट म्हटलं. हिने मिटले. पहिला घास घेतला आणि त्या गप्प खोलीत सफरचंद केवढ्याने वाजलं! ही थांबली. मला वाटलं, संपलं सगळं. तर म्हणाली, "हे वाजतं." दुसरा घास. मग द्राक्ष फुटलं, आणि हिच्या भुवया वर गेल्या. मग खातच राहिली. शेवटी वाडग्याला चिकटलेले डाळिंबाचे दाणे बोटाने टिपून खाल्ले आणि म्हणाली, दातांना आज काम मिळालं. मी जिन्यात जाऊन पोटभर रडून आलो आणि कापूस डोळ्यात गेला असं सांगितलं. (या धंद्याचा हा एक मोठा फायदा आहे.)

तेव्हापासून रोज दुपारी सॅलड. हिच्या अंगावर मूठभर मांस आलं आहे, गाल जरा वर आलेत. पण वास नाही. मी रोज काहीतरी नाकाशी नेतो. कधी साबणाची वडी, कधी ताज्या कापसाची मूठ, कधी रस्त्यावरचं फूल. ही मनापासून हुंगते, मान हलवते आणि वर मलाच धीर देते. खाली दुकानात मात्र येत नाही. काल दमट कापसाचं एक पोतं माझ्या गळ्यात पडलं, ते मला आज कळलं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

तर ताई, काळजीचं तसं काही नाही. तुम्ही येण्याची तर मुळीच गरज नाही. गुडघा सांभाळा, गच्चीत जाऊ नका, आणि वर लिहिलं आहे तसं सॅलड करून खा; वजन उतरलं की गुडघ्यालाही हायसं वाटेल. (हे मी नाही, डॉक्टर म्हणतात.) आजच्या सॅलडचं चिकन वर मंद आचेवर ठेवूनच लिहायला बसलो, म्हणजे पडलो, आहे. होत आलं असेल. आणखी काही लिहायचं राहिलं का ते जरा डोळे मिटून आठवतो. उन्हाची पट्टी आता कागदावर आली आहे आणि कापसाचा एक तंतू अक्षरावर येऊन बसला आहे. तो उडाला की लिहितो.

तुमचा पालथा,
गादीवाला

ता. क. तंतू उडाला की नाही ते मला माहीत नाही, कारण मी झोपलो. इतका गाढ झोपलो की तुम्ही आल्याचं स्वप्न पडलं. वरून स्पष्ट हाक आली, "ताई, गॅस!" मी उठलो, दाराशी तुमच्या चपला शोधल्या. मग धूर दिसला. धावत वर गेलो तर पातेल्यात चिकनचा कोळसा झालेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात ही, तोंडावर हात ठेवून उभी. म्हणाली, "आत्ता ओरडलं कोण?" म्हटलं, तूच! हिने हळूच नाकाने श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग खाली बसली आणि रडायला लागली, आणि हसायलाही लागली. गॅस तसाच चालू होता. तो बंद करायचं बऱ्याच वेळाने सुचलं.

ता. क. दुसरा. वर मी येऊ नका असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. पत्राचा पहिला शब्द लिहिला तेव्हापासून मला एवढंच लिहायचं होतं, की ताई, या. जिना चढायला नको म्हणून खाली दुकानातच खिडकीजवळ तुमच्यासाठी गादी घालतो, ना फार मऊ, ना फार कडक, माझ्या हाताने. गॅसही खाली आणवतो. (कापसाच्या दुकानात गॅस पेटवणं हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. मागच्या पडवीत ठेवतो.) तुम्ही सॅलड करायचं नाही, पथ्य सांगायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. दूध ठेवायचं, गॅसकडे पाठ करायची आणि गोष्ट सांगायची. लांबलचक असेल ती.

ता. क. तिसरा. ताई, मी धाकटी. यांनी हे पत्र उशीखाली लपवलं होतं. गादीवाल्याला लपवायला दुसरी जागा सुचत नाही. फ्रीजच्या खणाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला सांगितलं नाही म्हणून रागावू नकोस. अजून कापसाचा वास येत नाही, साबणाचा येत नाही, फक्त त्या पातेल्याचा येतो. यांनी ते घासायला घेतलं होतं, मी हिसकावून घेतलं आणि उशाशी ठेवलं आहे. मधूनमधून झाकण उघडून हुंगते, आणि वाटतं पलीकडच्या खोलीत तू कुणालातरी गोष्ट सांगते आहेस. पातेल्यातला वास उडून जायच्या आत ये.